समुद्रावर चाललेली कोल्ही

ऑफिसात कुणी पोहे गरम केले, की मला ती पांढरी कोल्ही आठवते. अलास्कात कोल्ह्यांना कॉलर लावून त्यांचा माग काढणारी माझ्या मैत्रिणीची मुलगी फोनवर रडवेली झाली होती. "मावशी, त्या पांढऱ्या कोल्हीचे नकाशावरचे ठिपके किनाऱ्यावर येऊन संपलेत. शी इज डेड." इथे बॉथेलच्या ऑफिसात बसून, कॉलरकडून येणारी प्रत्येक नोंद ठिपक्याने दाखवणारा तो नकाशा मीच सांभाळायचे. पोह्यांचा डबा बाजूला सारून मी कोड उघडला. जमिनीवरचा प्राणी समुद्रात दिसला, की सॉफ्टवेअर ती नोंद चूक समजून गाळत होतं. "तिथला समुद्र आत्ता गोठलाय का गं?" "ऑफ कोर्स, मावशी!" मी तो नियम डिलीट केला, आणि ठिपक्यांची रांग किनारा सोडून बर्फावरून थेट रशियाच्या दिशेने धावत सुटली. शेवटचा ठिपका त्याच सकाळचा होता. "शी इज वॉकिंग ऑन द सी!" ती किंचाळली, मीही किंचाळले. गारढोण पोहे मी चाटूनपुसून खाल्ले. हल्ली नकाशावर समुद्र दिसला, की मी आधी महिना विचारते.