दुसरा डोळा

कोटाला ठिणगीने भोक पडो की शाल उंदीर कुरतडो, लोक रफूवाल्यांचंच दुकान गाठायचे. कापडाच्याच कडेचा धागा काढून ते असं काही विणत, की गिऱ्हाईक भोक शोधत बसे. "सापडलं तर मलाही दाखवा," ते मिश्कीलपणे म्हणत.

मोतीबिंदू झाला तेव्हा डाव्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी हसत हसत करून घेतलं. दोन दिवस बरे गेले. मग डोळा ठणकू लागला, लालभडक झाला, समोर गढूळ पाणी साचल्यासारखं दिसू लागलं.

"अहो, दवाखान्यात चला," बायको म्हणाली.

"कापलंय, तर दुखणारच की!"

गेले तोवर आत पू झाला होता. डोळा गेला तो गेलाच.

पुढे उजव्यातही मोतीबिंदू वाढत गेला. आधी बारीक काम सुटलं, मग दुकान. ऑपरेशनचं नाव काढलं की ते उठून जायचे. शेवटी मुलीने हात धरून दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "ऑपरेशन संपता संपता मी डोळ्याच्या आतच अँटिबायोटिक सोडते. शंभर टक्के हमी नाही, पण जंतूंचा धोका पुष्कळ कमी होतो."

"मागच्या वेळी सोडलं होतं?"

बाईंनी जुने कागद चाळले. "नाही. नुसते थेंब दिले होते."

"सोडलं असतं तर वाचला असता?"

"कदाचित. नक्की नाही सांगता येत."

ते 'कदाचित' त्यांच्या काळजात रुतलं. धीर येण्याऐवजी संतापच आला. घरी आले आणि दार लावून घेतलं. मुलीने हात टेकले आणि ती आपल्या घरी परतली. बायकोने पुन्हा विषय काढला नाही. ती त्यांना हाताला धरून न्यायची, ताटात काय कुठे आहे ते सांगायची. तिला स्वतःला जेवण का जात नाही विचारलं, तर म्हणायची, "वय झालं आता."

एक दिवस शेजारीण दारात आली आणि किंचाळलीच, "अगं बाई, किती पिवळी पडलीस! डोळे बघ आरशात! अहो, तुम्हाला दिसलं नाही?"

त्यांना दिसलं नव्हतं. रोज समोर बसणारं माणूस हळदीसारखं पिवळं झालं, आणि त्यांना नुसता धुरकट चेहरा दिसत होता. दुखणं फार पुढे गेलं होतं. ती पुरते दोन महिनेही राहिली नाही.

मग ते आपणहून मुलीला म्हणाले, "चल, डोळा करून टाकू." या वेळी औषध आत सोडलं गेलं. पट्टी निघाल्यावर ते दर तासाला विचारायचे, "लाल दिसतो का गं?" डोळा लाल झाला नाही. दुखलाही नाही.

घरी आल्यावर त्यांनी बायकोचं कपाट उघडलं. तिच्या स्वेटरचं कोपर फाटलेलं होतं आणि तिनेच ते शिवलं होतं. भलत्याच रंगाचा दोरा, वेडेवाकडे टाके. रफूवाल्याची बायको, आणि सबंध हिवाळा हे घालून हिंडली. कधी चकार शब्द काढला नाही.

"बाबा, दिसतंय ना नीट?" मुलीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"दिसतंय," ते म्हणाले, आणि स्वेटर मांडीवर घेऊन तिथेच खाली बसले.