पंपाच्या बॉडीतले ठोकळे

नव्वदीच्या दशकात मी जळगावला एका पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागले. साहेबांनी सांगितलं होतं, नव्या पंपाची बिडाची बॉडी दाब सोसेल की नाही ते कॉम्प्युटरवर दाखवा, मग तुम्हाला कायम करतो. मी मात्र घरी आधीच सांगून बसले होते, नोकरी पक्की झाली म्हणून.

कॉम्प्युटरला हिशेबासाठी त्या बॉडीचे तुकडे करून द्यावे लागत, तेही विटेसारखे, सहा बाजूंचेच. पडद्यावर माउसने एकेक रेघ ओढत मीच ते कापायचे. आणि ती बॉडी शंखासारखी वळलेली, सरळ म्हणून एक बाजू नाही मेलीला! इकडचे ठोकळे बसवले की तिकडचे पिळवटायचे. एखादा उलटा झाला की सगळं मुसळ केरात.

पाच आठवडे हेच. शेजारच्या टेबलावरचा ड्राफ्ट्समन म्हणायचा, "मॅडम, अजून विटाच रचताय? एव्हाना घर उभं राहिलं असतं." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

शेवटी एकच जागा अडली. बॉडीला खालचा पाय जोडलेला असतो तिथे पाना फिरावा म्हणून बोटभर खाच होती. तिच्याभोवती ठोकळे काही केल्या बसेनात. तीन दिवस डोकं फोडून घेतलं. चौथ्या दिवशी वैतागून पडद्यावरची ती खाचच पुसून टाकली. एवढ्याशानं काय होतंय, म्हटलं. लगेच ठोकळे बसले आणि उत्तरही झकास आलं. साहेब खूश. चाचणी झाली की कायम केल्याचं पत्र हातात देतो, म्हणाले.

चाचणीत पाण्याचा दाब वाढवला आणि बॉडी फाटकन फुटली. बॉडी ओतायचे लाकडी साचे करणारे आमचे पारोळ्याचे नाना खाली बसून तुकडा उलटसुलट पाहू लागले. "बठ्ठं चांगलं शे," ते म्हणाले, "आठेच, खाचमा फुटनं."

"बाकी सगळं चांगलं, आणि खाचेतच फुटलं? साचा चुकला का, नाना?" साहेबांनी विचारलं. नाना पुन्हा त्या खाचेवरून बोट फिरवत आपली चूक शोधत राहिले.

खोटं कशाला सांगू, मी आधी साहेबांच्या खिशाकडे पाहिलं. पत्र त्यातून दिसत होतं.

"साचा बरोबर आहे, साहेब," मी म्हणाले. "ती खाच मी कॉम्प्युटरला दाखवलीच नव्हती."