एकोणतीस घरांची झाडं

ओल्खोव्हमध्ये आता घरं नाहीत. सत्तेचाळीस साली लष्करानं तिथल्या सगळ्या युक्रेनी कुटुंबांना गाड्यांवर चढवून पोलंडच्या दुसऱ्या टोकाला नेलं. लाकडी चर्चच्या फळ्याही पुढं कुणी गोठ्यासाठी उपसून नेल्या. उरली ती परसातली झाडं. हाफियाआजी तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. दहा वर्षांनी परतल्या, त्या शेजारच्या गावात, आमच्या समोरच्या घरात.

ईस्टरनंतरच्या रविवारी आम्ही मृतांना भेटायला त्या माळावर जातो. फादर चर्चच्या उरलेल्या पायरीवर प्रार्थना म्हणतात. मग आजी झाडाझाडापाशी थांबून त्या घरातल्या गेलेल्यांची नावं घेतात. घरं एकोणतीस, आणि एकही नाव लिहिलेलं नाही. फादरनी वही पुढं केली की म्हणायच्या, "आमची नावं शेवटची कागदावरून वाचली ती गाडीत चढवताना. आता नको."

यंदा मार्चमध्ये त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. नावं कोण घेणार, एवढाच घोर त्यांना होता. माझी लेक दारीना रोज संध्याकाळी ती नावं पाठ करायला त्यांच्या खाटेशी बसू लागली.

"आजी, तिची परीक्षा तोंडावर आलीय," मी म्हटलं.

"चार गेलेली माणसं लक्षात ठेवली म्हणून डोकं भरत नाही गं. तुझंच बघ, नुसत्या काळजीनं भरलंय."

दारीना हसली. मला हसू आलं नाही.

त्या रविवारी आजींच्या जागी दारीना उभी राहिली, आणि सहा घरं नीट झाली. सातव्या घराचं नाशपातीचं झाड हिवाळ्यातल्या वादळानं पडलं होतं, सरपणाला गेलंही होतं. दारीनानं पुढच्या घराच्या सफरचंदापाशी सातव्या घराची नावं घेतली. मागून कोणी म्हातारा पुटपुटला, "हे तर आमचं अंगण." ती लालबुंद झाली. मला वाटलं, आता रडणार.

ती मागं वळली आणि थेट ओढ्याकाठच्या पहिल्या झाडाशी गेली. चाळीस माणसं चिखलातून तिच्यामागं परत चालली. सगळं पहिल्यापासून. सातव्या घरी उपटलेल्या मुळांच्या खड्ड्यापाशी उभी राहून तिनं नावं घेतली: सेमान, युस्तिना, आणि बारशाआधीच गेलेली त्यांची मुलगी.

परतल्यावर दारीना आजींच्या खाटेशी गेली. त्यांनी विचारलं, "चुकलीस?"

"एकदा. मग पहिल्यापासून घेतली."

"लोक थांबले?"

"सगळे."

"सेमानकडं कोण कोण?"

तिनं सांगितलं. शेवटच्या त्या पोरीलाही विसरली नाही.

"बरं," म्हणत आजींनी डोळे मिटले. "दिवा घालव आता. झोपते मी."