सरुबाईनं शिकवलेलं चोळणं

सरुबाई, तुमच्यावर लिहायला बसलेय. रागवायचं तर रागवा, पण मध्ये बोलू नका. वर्गात माझ्या शेजारी बसून बोललात तेवढं पुरे. म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढायला सर्टिफिकेट कशाला लागतं, असं लोक मला अजून विचारतात. दर वेळी तुमचीच गोष्ट सांगते. सांगून सांगून थकले, आता लिहूनच टाकते.

ईट गावची सरुबाई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली आणि पायावर दगड पडून घरी बसली. सगळं गाव कामावर, म्हातारी माणसं मागं एकटी. बायका जाता जाता म्हणायच्या, "सरूमावशी, बसूनच हाय न्हवं? आमच्या म्हातारीकडं बघा जरा." बघता बघता तेच तिचं काम झालं. पाय बरा झाला, पाऊस आला, तरी बोलावणी थांबली नाहीत. अंथरुणाला खिळलेल्याची पाठ लाल दिसली की सरुबाई कोमट तेल घ्यायची आणि चोळायची, सकाळ-संध्याकाळ, स्वतःचे खांदे भरून येईस्तोवर. सरुबाईच्या हाताचं चार गावांत नाव होतं.

गावातल्याच लक्ष्मीबाईंची पाठ तिनं अशीच चोळली. कातडी गेली, जखम हाडाला लागली, म्हातारी गेली. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. सरुबाईही म्हणाली. लक्ष्मीबाईंच्या सुनेला, सत्यभामाला, तोवर तिनं चोळणं शिकवून ठेवलं होतं.

पुढं ऐंशीनंतर उस्मानाबादला एका सहकारी संस्थेनं म्हाताऱ्यांचं करणाऱ्या बायकांचा वर्ग काढला. पास होईल तिला सर्टिफिकेट आणि बिल्ला. सरुबाई आली ती बिल्ल्यासाठी. "बिल्ला असला की कुणी 'ए बाई' म्हनत न्हाय."

शिकवणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "लाल झालेली जागा चोळायची नाही. आतलं मांस आधीच दुखावलेलं असतं. कूस बदला, तिथला भार काढा."

"आन् म्या इतकी वर्सं चोळतीय ते?"

"मग त्यांचं पुढं काय झालं?"

दुपारी सरुबाईनं भाकरीचं फडकं सोडलंच नाही.

परीक्षा तोंडी होती, ती पास झाली. सर्टिफिकेट घेऊन स्टँडवर आली तर ईटचा बलभीम भेटला.

"मावशी, सत्यभामानं तुमचं नाव राखलंय बघा! सासरा अंथरुणाला पडलाय, तर दोन्ही वक्त पाठ चोळती. थेट तुमच्यासारखी!"

"तिला म्हनावं, चोळू नको."

"आँ?"

"चोळू नको म्हनावं. कूस बदल."

बलभीम हसला. "तुमीच शिकवायचं अन् तुमीच मोडायचं? माझं कोन ऐकतंय! त्यो कागद घेऊन तुमीच या."

पण तेर गावात आबाराव नावाच्या म्हाताऱ्यांकडं तिचं काम ठरलं होतं, तेही त्या कागदावरच. आबारावांना आपली आपण कूस बदलता येत नव्हती, आणि वर्गातला नियम असा, की माहीतगार माणूस बसवल्याशिवाय पेशंट सोडायचा नाही. तेरात तसं माणूस कुठलं? घरची सून शिकायला बसली आणि पहिल्याच दिवशी ओकारी येते म्हणून उठली.

मग सरुबाईनं सत्यभामाला 'चोळू नको' असं कार्ड लिहवून घेतलं. सत्यभामाचं उत्तर आलं: तुमच्या नावानं कुणीतरी खोडसाळ कार्ड टाकलंय, तुम्ही असलं सांगायच्या नाहीत. मामंजींची पाठ रोज चोळते, घोर करू नका.

आबारावांच्या पाठीवर लाल डागसुद्धा उठला नाही. त्यांना वळवता वळवता सरुबाई म्हणायची, "एक डाव ईटला जाऊन येते."

"जा की."

"आन् तुमाला कोन वळवंल?"

सर्टिफिकेट पिशवीत घालून पिशवी खुंटीला टांगलेली होती. सत्यभामाचा सासरा गेला असा ईटहून बलभीमचा निरोप आला, तेव्हाही ती पिशवी खुंटीलाच होती. सरुबाईनं ऐकलं आणि आबारावांना डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर वळवलं.