मातीची म्हणून लिहिलेली घरं

नवसाबाईला सरपंच व्हायचं नव्हतं. पण पंच्याण्णव साली उंबरमाळची सरपंचकी बाईसाठी राखीव निघाली आणि तिच्या नवऱ्याने, पुंजारामने, ती जणू आपल्यालाच मिळाल्यासारखे पेढे वाटले. "सही तेवढी गिरवून ठेव," तो म्हणाला, "बाकीचं मी बघतो." नवसाबाई सातवी शिकलेली होती. सही तिला येत होती. नवऱ्याचा उत्साह कधी मोडायचा नाही, हेही येत होतं.

तिला स्वतःला एकच गोष्ट पाहिजे होती. गावात नळ. नाशिकहून दिंडोरीच्या रस्त्याला लागलं की द्राक्षांचे मांडव सुरू होतात, त्यांच्या मागे टेकाडाच्या उतरणीवर उंबरमाळ. विहीर खाली ओढ्याकाठी, घरं वर, आणि त्याहून वर मजुरांची वस्ती. लग्न होऊन आल्यापासून नवसाबाई ती चढण डोक्यावर पाणी घेऊन चढत आली होती. सोबतीला असायची वस्तीवरची चिमणाबाई. नवसाबाईचं घर आलं की तिची चढण संपायची, चिमणाबाईची अर्धी उरायची.

"नळ आला ना चिमणे, तर पहिला तुझ्या वस्तीवर," सरपंच झाल्यावर नवसाबाई म्हणाली.

"पहिला नको, सरपंचबाई. शेवटला द्या," चिमणाबाई हसली. "पन द्या."

पुढच्या वर्षी घरपट्टीची नवी आकारणी आली. दर चार वर्षांनी घरं बघायची, माती की वीट, पत्रा की स्लॅब ते लिहायचं आणि त्यावर पट्टी बसवायची, असा नियम. आधीच्या सरपंचांनी हे काम चावडीत चहा पिता पिता उरकलं होतं. नवसाबाईला ते पटेना. "दारोदार जाऊ," ती म्हणाली. ग्रामसेवकाने, म्हणजे भाऊसाहेबांनी, कपाळाला आठ्या घातल्या, पण टेप घेतला. शिपाई काळू टेपचं दुसरं टोक धरायला निघाला.

पहिलंच घर तिच्या चुलतजावेचं, वत्सलाबाईचं. द्राक्षं परदेशी जायला लागल्यापासून त्या घराचा बंगला झाला होता. जिन्याला स्टीलचा कठडा, फाटकाच्या दोन्ही खांबांवर सिमेंटचे द्राक्षघड, हिरव्या रंगाने रंगवलेले. परसात स्वतःची बोअर. नवसाबाई पायरी चढली तशी वत्सलाबाई हातात तबक घेऊन बाहेर आली. घरची सून, सवाष्ण, सरपंच होऊन पहिल्यांदा दारात आलेली. तिला रिकामी कशी पाठवायची? पाटावर बसवून तिने कुंकू लावलं, नारळ, तांदूळ आणि नाशिकहून आणलेला खण ओटीत घातला. नवसाबाई वाकून पाया पडली.

"मग काय लिहू, ताई?" भाऊसाहेबांनी विचारलं. "स्लॅब?"

"अहो भाऊसाहेब, स्लॅब काय म्हनता!" वत्सलाबाई म्हणाली. "मागं जाऊन बघा की. मागली भिंत अजून मामंजींच्या हातची मातीचीच हाय."

मागे खरंच एक मातीची भिंत होती. तिला टेकून शेळ्या बांधलेल्या होत्या.

भाऊसाहेब नवसाबाईकडे बघत राहिले. तिने दोन्ही हातांनी पदर सावरून धरला होता, कारण ओटीतला नारळ चांगला मोठा होता. भरलेली ओटी घेऊन त्याच घराच्या उंबऱ्यात उलटं बोलायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आईने तर उलटंच शिकवलं होतं.

"मातीची लिवा," ती म्हणाली.

ही गोष्ट त्यांच्या आधी पुढच्या आळीत पोचली. मग प्रत्येक दारात तबक तयार. बंगल्याला मातीची भिंत निघाली, नाहीतर पडवी पत्र्याची निघाली, नाहीतर वरचा मजला "अजून पुरा कुठं झालाय" असं निघालं. दिवस कलताना काळूच्या खांद्यावर नारळांचं पोतं झालं होतं. "सरपंचबाई," तो म्हणाला, "टेप उगाच आनला. तराजू आनायला पायजे व्हता."

सगळ्यात शेवटी वरची वस्ती. चिमणाबाईला त्याच साली सरकारी घरकूल मिळालं होतं. एक खोली, वर स्लॅब, दाराला अजून रंगसुद्धा नाही. ती दारातच उभी होती. विधवा बाईने ओटी भरायची नसते, म्हणून तिने तांब्याभर पाणी पुढे केलं. ते पाणी तिने कुठून आणलं ते नवसाबाईला ठाऊक होतं. तिने दोन घोट घेतले.

"स्लॅब," भाऊसाहेब म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं आणि लिहिलंही. नवसाबाई दमली होती. पाय दुखत होते आणि घरी भाकऱ्या व्हायच्या होत्या. तिचं लक्ष नव्हतं, असं पुढे तिने स्वतःला बरेच दिवस सांगून पाहिलं.

महिनाभर घरात खोबऱ्याच्या वड्या झाल्या. "सरपंचकी गोड असते बुवा," पुंजाराम खाता खाता म्हणाला.

अठ्ठ्याण्णव साली नळपाणी योजना तालुक्यात आली. खर्चाचा मोठा वाटा सरकारचा, थोडा गावाचा, आणि पुढे चालवायची गावाने. नवसाबाईने नवं लुगडं नेसून नाशिकला बैठकीला जाऊन अर्ज दिला. मग एक दिवस तरुण इंजिनिअर जीपमधून आले. विहिरीची जागा बघितली, टाकीची जागा बघितली, "छान आहे" म्हणाले. चावडीत येऊन त्यांनी पंचायतीची आवक विचारली आणि भाऊसाहेबांनी सांगितल्यावर पुन्हा विचारली.

"अहो, तुमच्या वर्षभराच्या घरपट्टीत तीन महिन्यांचं लाइट बिलसुद्धा भागणार नाही. पंप कशावर चालवाल?" ते म्हणाले. मग खिडकीतून बंगल्यांच्या रांगेकडे बघून हसले. "एवढी घरं उभी आहेत, आणि सगळी मातीची?"

 जाताना ते नवसाबाईला म्हणाले, "ताई, आकारणी दुरुस्त करून ठराव पाठवा. मार्चच्या आत आला तर मी तुमचं गाव धरतो. नाहीतर मला दुसरं गाव बघावं लागेल. पैसा परत गेला की पुन्हा येत नाही."

दुसऱ्या दिवशी नवसाबाई वत्सलाबाईकडे गेली. सगळं सरळ सांगितलं. वत्सलाबाई मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"माझ्याकडं बोअर हाय नवसे. मला नळ कशाला?"

"गावाला पायजे ना, अक्का. वर वस्तीवर बायका किती चढतात."

"मग गावानं भरावी पट्टी. माझ्याच उंबऱ्यातून ओटी घेऊन गेलीस, आता माझ्याच घरावर पट्टी चढवतेस? तुझ्या माहेरी असं करतात वाटतं." मेथीची एक काडी तिने फटकन मोडली. "आन तुझा पुंजा पुढल्या साली घर बांधतोय म्हनं. त्याला विचारलंस का?"

पुंजारामला विचारायची गरजच पडली नाही. बातमी कानावर गेल्यावर तोच तणतणत आला. "अगं, भावकी तोडतेस का काय! निवडून कुणी दिलं? वस्तीनं? वस्ती तर जिकडं ढकलाल तिकडं जाती."

मार्चमध्ये ग्रामसभा भरली. पुरुष ओट्यावर, बायका खाली झाडाच्या सावलीत. नवसाबाई सरपंच म्हणून खुर्चीवर होती, पण समोर सगळे दीर आणि भासरे, त्यामुळे पदर डोक्यावरून कपाळापर्यंत आलेला. रात्रभर तिने वाक्य जुळवून ठेवलं होतं. घरं पुन्हा लिहू, पहिलं माझं लिहू. एवढंच वाक्य. ती घसा खाकरते न खाकरते, तोच पुंजाराम उठला.

"सरपंचांच्या वतीनं सांगतो. गावावर एक पैशाचीबी पट्टी वाढनार नाय!"

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर बायकांमधून चिमणाबाई उभी राहिली.

"मला एक विचारायचं हाय. माझी खोली स्लॅबची लिवलीया, आन वत्सलाबाईंचा बंगला मातीचा. मी त्यांच्याहून जास्त भरती. भरीन, भरत आलेय. पन हे बरोबर हाय का, तेवढं सरपंचबाईंनी सांगावं."

 मग मागून कोणीतरी म्हणालं, "चिमणाबाई, सरकारनं फुकट घर दिलं तर पट्टी जड जाती व्हय? दे मग परत!" हशा पिकला. चिमणाबाई हसली नाही, बसलीही नाही. ती नवसाबाईकडे बघत होती. नवसाबाईने खाली मान घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. कुणाच्या तरी लग्नाचा विषय निघाला आणि सभा उठली. ठराव गेला नाही.

योजना ओढ्यापलीकडच्या गावाला गेली. पुढच्या दिवाळीला तिथली टाकी उंबरमाळमधून दिसायला लागली, पांढरी, वर निळी अक्षरं. नवसाबाईने स्वयंपाकघराची ती खिडकी बंद ठेवायची सवय लावून घेतली. पुंजारामने दोन हजार साली स्लॅबचं घर बांधलं आणि परसात बोअर मारली. नवसाबाईची चढण थांबली. वस्तीची थांबली नाही.

त्याच साली पुन्हा आकारणी झाली. सरपंच आता दुसरा होता. तो, भाऊसाहेब आणि काळू तिच्या दारात आले. पुंजाराम त्यांना मागे उरलेली जुन्या घराची, शेळ्या बांधायची मातीची भिंत दाखवायला निघाला, तेव्हा नवसाबाई आतूनच म्हणाली, "स्लॅब लिवा."

"अगं ए!"

"स्लॅब हाय, स्लॅब लिवा."

भाऊसाहेबांनी लिहिलं. मग पेनाला टोपण लावत हळूच म्हणाले, "ताई, एका घरानं पंप चालत नाही." त्यात टोमणा नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. पुंजाराम आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. वत्सलाबाई मात्र बोलली, हळदीकुंकवात, सगळ्यांदेखत : "आमच्या नवसेला आता सत्य सुचलंय. सरपंचकी गेल्यावर."

चिमणाबाई पुढेही नवसाबाईच्या द्राक्षबागेत घडांच्या विरळणीला येत राहिली. कामाचं बोलायची, दुसरं काही नाही. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात ओढ्याची विहीर आटली आणि वस्तीवर टँकर सुरू झाला. त्याच उन्हाळ्यात चिमणाबाईच्या मुलाला सातपूरला कंपनीत काम लागलं आणि तो आईला न्यायला आला. नवसाबाईला कळलं तेव्हा चिमणाबाई फाट्यावर पोचलीसुद्धा होती. नवसाबाई चपला घालून तशीच निघाली.

फाट्यावर दोन बोचकी, एक पत्र्याची पेटी आणि चिमणाबाई. मुलगा पलीकडच्या टपरीवर.

"चिमणे, सांगितलं नाय?"

"काय सांगायचं? खोली भाड्याची हाय. पन नळ हाय तिथं. सकाळी दोन तास येतो म्हनं."

नवसाबाई पेटीच्या कडेला टेकली. एवढी वर्षं जपून ठेवलेलं ती एकदम बोलली. "मी घरावर स्लॅब लिवून घेतला. दोन हजार सालीच. तुला ठाऊक नसंल."

"ठाऊक हाय. काळूनं सांगितलं व्हतं." चिमणाबाईने बोचक्याची गाठ उगाच पुन्हा आवळली. "बरं केलं. पन बाई, मी तवा पट्टी कमी करा म्हनाले नव्हते. बरोबर हाय का, एवढंच विचारलं व्हतं. तुमी नुस्तं 'नाय' म्हनल्या असत्या तरी झालं असतं. मी भरतच व्हते. पुढंबी भरली असती."

तेवढ्यात नाशिकची बस आली. मुलाने पेटी चढवली. चिमणाबाई खिडकीत बसली, तिने हात हलवला नाही, पण बस सुटेपर्यंत बघत राहिली. नवसाबाईही बघत राहिली.

परत येताना ती घराकडे वळली नाही, चढण चढून वर गेली. वस्तीवर टँकर आला होता. एका नळीला सगळी वस्ती झोंबलेली, भांड्यांचा, शिव्यांचा कल्ला. वाटेत उभ्या राहिलेल्या नवसाबाईला एक पोरगेली सून घाईत म्हणाली, "सरपंचबाई, जरा बाजूला व्हा ना." सरपंचकी जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी वस्ती तिला याच नावाने हाक मारायची. ती बाजूला झाली.