आधी पेन्सिलीनं

मावशींची आणि माझी ओळख भांडणातून झाली. समाजकल्याण कार्यालयाच्या फाटकासमोर त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन मशीनं, एक काउंटर आणि गिऱ्हाइकाला टेकायला एक डगमगतं स्टूल. त्या दिवशी माझ्या हातात नामंजूर झालेला अर्ज होता आणि डोक्यात जाळ. त्यांनी काढलेली प्रत जराशी तिरकी आली. मी म्हटलं, "पैसे सरळ घेता, मग प्रत तिरकी का देता?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, कागद परत घेतला आणि पुन्हा मशीनवर ठेवायच्या ऐवजी सरळ वाचायलाच लागल्या.

"दुसऱ्यांचे कागद वाचता तुम्ही?"

"अठरा वर्षं वाचतेय. उलटे धरले तरी वाचता येतात," त्या म्हणाल्या. "आणि तुझा हा अर्ज नामंजूर होणारच होता."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण मी तिथून हलले नाही, कारण दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

मी कपडे शिवते. आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच माझं दुकान. नवरा शाळेची व्हॅन चालवतो. आमची एकुलती एक मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला आम्ही बाईसाहेब म्हणतो, कारण पंखा कधी लावायचा, कुठल्या खुर्चीवर कोणी बसायचं, हे सगळं घरात तिच्याच हुकमानं चालतं. ती साडेतीन वर्षांची असताना डॉक्टरांनी तिला स्वमग्नता असल्याचं सांगितलं. बोलणं अगदी चार-पाच शब्दांचं. आठवड्यातून तीन दिवस ती थेरपी सेंटरला जायची आणि तिथे चित्रं दाखवून हवं ते मागायला शिकली होती. त्याआधी काही हवं असलं की ती डोकं भिंतीवर आपटायची. पण आम्हाला मिळणारी फीची सवलत संपत आली होती. तिथल्या ताई फार भल्या, पण त्यांनीही डोळे चुकवत सांगितलं होतं, की फीची सोय झाली नाही तर दोन महिन्यांनी तिची जागा दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल. त्या जागेसाठीच मी मदतनिधीचा अर्ज केला होता. उत्तर एका ओळीचं आलं: मूल दैनंदिन कामांत स्वावलंबी असल्यानं अपात्र.

"हे भरलं कोणी?" मावशींनी विचारलं.

"मीच."

"स्वतःच्या हातानं जेवते का, हो. कपडे घालते का, हो. रस्ता ओलांडते का, हो. अगं, मग मदत हवीय कशाला? मीच तुझ्याकडे शिकवणी लावते."

"पण जेवते ती आपल्या हातानं," मी म्हटलं. सहा वर्षं खपून शिकवलं होतं मी तिला. तिला जमत नाही असं कोणी म्हटलं, तर मी ऐकून घेणार होते?

"बरं. कालचं दुपारचं जेवण सांग. पहिल्यापासून."

मी सांगू लागले. ताट निळंच लागतं. एका पदार्थाला दुसरा लागलेला चालत नाही. पंखा बंद. मी शेजारी बसायचं आणि प्रत्येक घासाला 'घास' म्हणायचं, नाहीतर हात तिथेच थांबतो. मध्ये दाराची बेल वाजली तर ताट जमिनीवर, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. सांगता सांगता माझाच आवाज खाली आला.

"आणि तू कधी जेवलीस?"

"चार वाजता," मी म्हटलं.

मावशींनी कोऱ्या अर्जाच्या दोन प्रती काढल्या आणि वर एक पेन्सिल ठेवली. ही त्यांची पद्धत. त्यांच्याकडे येणाऱ्या कुठल्याही आईबापाला त्या पेनाला हात लावू देत नाहीत. "आधी पेन्सिलीनं भर. आणि सात दिवस भिंतीवर एक कागद लाव. तिला हात लावावा लागला, सांगावं लागलं, थांबवावं लागलं, की एक रेघ मार. वाढवायचं नाही, लपवायचं नाही." प्रतींचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. तिरक्या प्रतीचे मात्र घेतले.

घरी नवऱ्याला हे पटेना. तो तसा अबोल माणूस, पण लेकीच्या बाबतीत मानी. दुसऱ्या दिवशी व्हॅन उभी करून तो स्वतःच मावशींच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "घरातलं सगळं असं कागदावर कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"खरंय," मावशी म्हणाल्या. "पण मूठ झाकूनच बसलात, तर हातावर कोणी ठेवायचं कसं?"

घरी येऊन त्यानं भिंतीवर कागद चिकटवला.

रेघा मारणं सोपं होतं. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत कागद अर्धा भरला. पण अर्जावर 'नाही' लिहायची वेळ आली की माझा हात अडायचा. लिहायचे आणि खोडायचे. शेवटी खोडून खोडून कागद फाटला, तेव्हा तो तसाच घेऊन मी मावशींकडे गेले.

"मला नाही जमत," मी म्हटलं. "आपल्याच पोरीची चहाडी केल्यासारखं वाटतं."

दुकानात मावशींचा धाकटा भाऊ बसतो. चाळिशीचा, दाढी पांढरी होऊ लागलेली. तो कागदाच्या गठ्ठ्यांच्या कडा हातानं जुळवत असतो, आणि त्याच्या मनासारख्या जुळल्याशिवाय मावशीही त्या गठ्ठ्याला हात लावत नाहीत. बाईसाहेबांसारखाच तो, हे मी एव्हाना ओळखलं होतं. त्याच्याकडे एकदा बघून मावशींनी काउंटरखालून प्लॅस्टिकची फाइल काढली. आत पिवळे पडलेले तीन अर्ज होते. तिन्ही एकाच अक्षरातले. जेवतो का, हो. कपडे घालतो का, हो. सगळीकडे हो.

"आमच्या आईचं अक्षर," त्या म्हणाल्या. "आई खोटारडी नव्हती गं. 'नाही' लिहिलं की आपण हरलो, असं वाटायचं तिला. तीनदा नामंजूर झाला. चौथ्यांदा तिनं केलाच नाही. ती गेल्यावर ट्रंक आवरताना हे सापडले."

मग मला माझाच धंदा आठवला. माप घ्यायला उभं राहिलं की प्रत्येक बाई पोट आत घेते. मी सगळ्यांना सांगते, बाई, श्वास सोडा, कपडा तुम्हालाच घालायचाय. आणि मी स्वतः सहा वर्षं श्वास धरून उभी होते. त्या डगमगत्या स्टुलावर बसून मी रडले, अगदी हुंदके देऊन. भावानं कागद जुळवणं थांबवलं नाही, याचं मला फार बरं वाटलं. मग मी पेन्सिलीनं अर्ज भरला, मावशींनी तपासला, आणि त्यावर मी पेन फिरवलं.

तीन आठवड्यांनी कार्यालयातून तपासणीला एक बाई घरी आल्या. त्या अर्ज वाचत होत्या आणि मी समोर उभी. तेवढ्यात आमच्या बाईसाहेब उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, ग्लास घेतला, माठातून पाणी घेतलं, खोलीच्या मधोमध येऊन उभ्यानं प्यायल्या आणि रिकामा ग्लास तपासणीच्या बाईंच्या कागदांवर ठेवून निघून गेल्या. अर्जात मी लिहिलं होतं: पाणी स्वतः घेऊन पिते का? नाही.

लेकीनं आयुष्यात पहिल्यांदा आपलं पाणी आपण घेतलं, आणि माझ्या मनात आलं, आज नको होतं गं. असं मनात आल्याची लाज मला अजून वाटते.

बाईंनी ग्लासाकडे पाहिलं, मग अर्जाकडे. मी म्हटलं, "आज पहिल्यांदाच घेतलं. सेंटरवर दोन वर्षं शिकवतायत. ते बंद पडू नये म्हणून तर अर्ज केलाय." आणि रेघांचा कागद पुढे केला. त्यांनी तो सावकाश वाचला.

"शनिवारी रेघा इतक्या कमी कशा?"

"शनिवारी दुपारी मी झोपले होते. तिचे बाबा बघत होते. त्यांनी केलं सगळं, पण रेघा मारायला विसरले."

बाई हसल्या आणि ग्लास उचलून त्यांनी सही केली.

सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. आमचं पाच आठवड्यांत झालं. सेंटरमधली जागा राहिली. मंजुरीचं पत्र घेऊन मी धावत दुकानात गेले, तर मावशींनी पत्र बाजूला ठेवलं आणि विचारलं, "पाणी सांडलं का गं?"

"एक थेंब नाही."

"भरून घेतला होता ग्लास?"

"काठोकाठ."

त्यांनी ते भावाला सांगितलं. त्यानं मान वर केली नाही, पण मावशींनी सांगितलं मात्र सगळं, माठापासून. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं ते या बाईनं माझ्यासाठी केलं, आणि तोंडानं आभार मानायला गेले की म्हणतात, "काउंटरवर गर्दी करू नकोस."

दोन वर्षांनी नूतनीकरणाचा अर्ज आला. मी सवयीनं स्टुलावर बसले, पेन्सिल घेतली आणि एकेक रकाना भरत गेले. कपडे, नाही. रस्ता, नाही. पाण्याच्या रकान्याशी मावशींनी माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली आणि आपलं पेन दिलं.

"हे पेनानं लिही," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं, हो. मावशींनी त्या पानाची एक प्रत जास्तीची काढली, भावानं तिच्या कडा जुळवल्या, आणि त्यांनी ती आईच्या तीन अर्जांवर ठेवून फाइल बंद केली.