रंगावरची साय
सोबत रंगकाम करणाऱ्या मावशी नसत्या, तर शाळा सोडून किनवटहून लातूरला आलेली मी आठवड्यातच घरी परतले असते. आज रंगाचा डबा उघडला, तो ओला वास आला नि तेव्हाचं आठवलं. पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून उघड्या राहिलेल्या रंगावर साय धरली होती. दुधावरच्यासारखी मोडून ढवळली नि रंग लावला, तर भिंतभर गुठळ्या! मिस्त्री बघेल म्हणून मी मावशींना हाक मारली. मावशींनी भराभर भिंत पुसली, रंग फडक्यातून गाळला. "अगं, दूध हाय का ते?" "पण मावशी, साय वरच का धरते?" "वारा लागतो तिथलं पाणी उडतं, मग रंगाचे कण एकमेकाला चिकटतात. खाली पाण्यात मोकळेच राहतात. ठिवताना वरून जरा पाणी सोडायचं, ढवळायचं न्हाई." मी डब्यात वाकून बघतच राहिले. आता मी स्वतः कामं घेते. मावशींचं घर एकदा मीच रंगवून देणार.